रोटर मारल्यावर लव्हाळा दुप्पट का होतो?

शिरोळकडच्या एका शेतकऱ्यानं विचारलंय: "मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या) रानात लावणीआधी दोनदा रोटर मारला. रान लोण्यासारखं झालं, पण पंधरा दिवसांत लव्हाळा आधीपेक्षा दाट आला. आता ऊस उगवलाय. तणनाशक कुठलं मारू?"

दादा, औषधाचं सांगतो, पण आधी रोटरचं, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरचं बघू. आपण ऊस अख्खा न पुरता दोन डोळ्यांच्या टिपऱ्या का करतो? शेंडा जागेवर असला की खालचे डोळे झोपून राहतात, तोडले की फुटतात. लव्हाळ्याचंही तसंच आहे. जमिनीखाली त्याच्या गाठी दोऱ्यासारख्या मुळीनं माळेत ओवलेल्या असतात. एक फुटली की बाकीच्या बऱ्याच गाठी गप्प बसतात. तुम्ही ओल्या रानात रोटर मारून ती माळ तोडलीत, म्हणजे लव्हाळ्याच्या टिपऱ्या करून सगळ्या रानभर लावल्यात. त्याचं बी फारसं रुजत नाही, सगळा पसारा गाठींचा. भांगलणीत वरची पात तुटते आणि गाठ खालीच राहते, म्हणून बायकांची मजुरी देऊन आठ दिवसांत रान पुन्हा हिरवं.

आता उभ्या उसात हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के, एकरी ३६ ग्रॅम, लव्हाळा तीन-चार पानांवर असताना, जमिनीत ओल बघून फवारा. पानातून ते गाठीपर्यंत उतरावं लागतं, त्यामुळं फवारणीच्या तोंडावर भांगलण नको. सोयाबीन किंवा भुईमुगाचं आंतरपीक असेल तर हे औषध अजिबात वापरू नका. झोपलेल्या गाठी मागाहून फुटतातच, एका फवारणीत रान साफ झालं असं समजू नका.

लव्हाळ्याला सावली सोसत नाही. उसाची पानं सरीवर मिळाली की तो आपोआप खंगतो. खरी झुंज पहिल्या तीन-चार महिन्यांची. म्हणून नांग्या, म्हणजे ऊस न उगवलेल्या मोकळ्या जागा, वेळेवर भरा. तुटाळ राहिली की ऊन थेट सरीत पडतं आणि नेमकं तिथंच लव्हाळ्याचं बेट होतं. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेल्या उसात, पाचट पसरल्यानं बारीक बियांची तणं दबतात, लव्हाळ्याचा सुईसारखा कोंब मात्र पाचट भोकसून वर येतो. पुढं रान मोकळं होईल तेव्हा एप्रिल-मेमध्ये कोरडी खोल नांगरट करा आणि ढेकळं तशीच तापू द्या. पाणी देऊ नका, रोटर तर नकोच. बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या-पाऊण फुटात असतात, उन्हात वाळल्या की मरतात.

हातकणंगल्याहून गाजर गवताचा प्रश्न आहे. हे बियांवर जगणारं तण, एका झाडाला हजारो बिया. फुलं यायच्या आधी हातमोजे घालून उपटा. बांधावर पावसाच्या तोंडाला टाकळ्याचं बी टाका, तो दाट उगवून जागा अडवतो. कच्चं शेणखत मात्र शेतात नेऊ नका, निम्मं बी त्यातूनच येतं असा माझा संशय आहे.

शाहूवाडीच्या एका गावानं लिहिलंय: "डोंगरातल्या गायरानात रानमोडी माजलीय, दरवर्षी पेटवतो तरी हटत नाही." रानमोडी हे झुडूप आहे, पेटवता म्हणूनच हटत नाही. आगीत गवत आणि रोपं जळतात, रानमोडीचा बुडखा जमिनीत शाबूत राहतो. पावसाला तो फुटतो तेव्हा शेजारी भांडायला कुणी नसतं. वर जनावरं तिला तोंड लावत नाहीत, चरतात ते उरलंसुरलं गवत. थंडीत ती फुलते, मग म्हातारीसारखं बी वाऱ्यावर उडतं. तेव्हा पावसाळा सरता-सरता, माती मऊ आणि फूल लांब असताना, टिकावानं बुडख्यासकट उपटा. सगळा डोंगर एकदम हातात घेऊ नका. जेवढं राखता येईल तेवढंच साफ करा, उघड्या जागेत पुढच्या पावसाच्या तोंडाला गवताचं बी फेका आणि निदान तो एक पावसाळा तिथं गुरं सोडू नका.