वखारीत पहिल्यांदा जाताना

प्रश्न: छोटं स्टूल करायचंय. वखारीत दर घनफुटाचा सांगतात, माझी मापं इंचांत. हिशेब कसा जुळवू?

रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत घ्या. तिघांचा गुणाकार करून 144 ने भागा. 8 इंच रुंद, 1 इंच जाड, 6 फूट लांब फळी म्हणजे 48 भागिले 144, एक तृतीयांश घनफूट. मात्र तुकड्यांची नेमकी बेरीज करून तेवढंच लाकूड आणलंत तर फसाल. गाठी, चिरलेली टोकं आणि भुसा यांत बरंच जातं. मी 25 टक्के जास्त घेतो. नवख्याने 30 धरावं, कारण एखादा तुकडा हमखास चुकीचा कापला जातो. शिवाय इंची खडबडीत फळी दोन्ही बाजूंनी रंधून साफ केली की हाती साधारण सहा सूत, म्हणजे पाऊण इंचच उरतं. जाडी ठरवताना हे आधी धरा.

प्रश्न: दुकानात सरळ दिसलेल्या पाच फळ्यांपैकी दोन घरी आल्यावर वाकल्या. मला फसवलं का?

बहुधा नाही, लाकूड ओलं होतं. वाळताना ते आक्रसतं, आणि वाढीच्या वलयांच्या दिशेने जितकं आक्रसतं त्याच्या साधारण निम्मंच वलयांना आडव्या दिशेने. ही ओढाताण फळीला वाकवते. घरातल्या कामासाठी 8 ते 12 टक्के ओलावा चालतो. ओलावा मोजायचा मीटर असेल तर दुकानातच टेकवून पाहा. नसेल तर एक कापलेला तुकडा घरी आणून दर दोन-तीन दिवसांनी वजन करा. काटा हलायचा थांबला की लाकूड तुमच्या खोलीला रुळलं. फळ्या भिंतीला टेकवून ठेवू नका. मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून आडव्या रचा, हवा चारी बाजूंनी खेळू द्या. मी पहिल्यांदा टेकवून ठेवल्या होत्या. त्यांतली एक अजून माझ्याकडे आहे, धनुष्यासारखी.

प्रश्न: फळी निवडताना नेमकं काय बघायचं?

एक टोक डोळ्याजवळ धरून कडेने दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाका. लांबीत बाक असेल तर चालेल. आखूड तुकडे कापले की तो नाहीसा होतो. रुंदीत पन्हाळीसारखा खोलगट असेल तर फळी उभी चिरून वापरता येते. पण चार कोपरे एका पातळीत नसतील, म्हणजे पीळ असेल, तर गुपचूप परत ठेवा. पीळ काढायला इतकं रंधावं लागतं की फळी निम्मी उरते. टोकांच्या बारीक चिरा मात्र कापून टाकता येतात, त्यांना घाबरू नका.

प्रश्न: हार्डवुड म्हणजे कठीणच ना?

नाही. हे नाव झाडाच्या जातीवरून पडलंय. बाल्सा हे अगदी हलकं लाकूडही हार्डवुडच आहे, आणि त्यात नख सहज रुततं.