गूगल येण्याआधी इंटरनेटवर माहिती कशी शोधायचे? तेव्हा तिच्यावर कुणाचाच ताबा नव्हता, हे खरं आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ताबा होता. सर्व्हर चालवणारे आणि याद्या सांभाळणारे यांच्या हातात तो होता, आणि बराचसा कारभार भरवशावर चालायचा.

व्हीएसएनएल या सरकारी दूरसंचार कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं. त्याआधी आपल्याकडे ते अर्नेट या नेटवर्कमधून शिक्षण-संशोधन संस्थांपुरतंच होतं. मी तेव्हा मुंबईत शिकत होतो आणि आमच्या संस्थेत अर्नेटची जोडणी होती. शोधायचं म्हणजे आर्ची या शोधणाऱ्या प्रोग्रॅमला विचारायचं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटेज या बार्बाडोसहून शिकायला आलेल्या तरुणाने १९९० मध्ये ते सुरू केलं. जगभरच्या सार्वजनिक एफटीपी सर्व्हरवरच्या (एफटीपी म्हणजे नेटवरून फायली उतरवून घ्यायची पद्धत) फायलींच्या याद्या आर्ची ठरावीक काळाने ओढून आणायचं आणि एका जागी ठेवायचं. आमची लाइन बारीक, म्हणून मी प्रश्न ई-मेलने पाठवायचो: मजकुरात फक्त ‘फाइंड’ आणि फायलीचं नाव. उत्तरात मशीनचं नाव, डिरेक्टरी, फायलीचा आकार आणि तारीख यायची.

पण आर्चीला दिसायचं ते फक्त नाव. आत काय लिहिलंय ते त्याला कळत नसे. एखाद्याने उत्तम टिपणं काढून फायलीला ‘नोट्स१’ असं नाव दिलं की ती टिपणं असून नसल्यासारखी. म्हणून फायलींना नीट नावं देणाऱ्या आणि सोबत चांगली रीडमी, म्हणजे आत काय आहे ते सांगणारी टीप, लिहिणाऱ्या माणसांबद्दल मला आजही फार आदर वाटतो.

पत्ता मिळाला की एफटीपीने आत शिरायचं. युजरनेम ‘अ‍ॅनॉनिमस’, पासवर्ड म्हणून स्वतःचा ई-मेल पत्ता. तो खरा आहे का, हे सहसा कुणी तपासत नसे. आपल्या मशीनवर कोण येऊन गेलं ते मालकाला कळावं, एवढाच हेतू. आत गेल्यावर बऱ्याच ठिकाणी सूचना दिसायची: मोठ्या फायली आमच्या कामाच्या वेळेत उतरवू नका. अमेरिकेत रात्र असते तेव्हा आपल्याकडे दिवस, त्यामुळे आम्हाला ही अट पाळणं सोपं जायचं.

मग गोफर आलं, मेनूंमधून माहितीपर्यंत नेणारी व्यवस्था. १९९१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात तयार झालं. पडद्यावर मेनू, त्यातली ओळ निवडली की पुढचा मेनू, आणि तो भलत्याच देशातल्या मशीनवरचा असला तरी आपल्याला जाणवायचंही नाही. १९९२ मध्ये नेवाडा विद्यापीठातल्या मंडळींनी या मेनूंमध्ये शोधणारं व्हेरॉनिका काढलं. तेव्हा वेबपेक्षा गोफरच जास्त पसरलेलं होतं. पण १९९३ च्या सुरुवातीला मिनेसोटाने जाहीर केलं की व्यावसायिक वापरासाठी सर्व्हर चालवणाऱ्यांकडून परवाना शुल्क घेतलं जाईल. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने, जिथे वेब जन्मलं, तिने वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी विनाशर्त खुलं केलं. चित्रं दाखवणारा मोझेक ब्राउझरही त्याच वर्षीचा, त्याचा वाटा मोठाच. तरी माझं ठाम मत आहे की गोफरचा पाय खेचला तो त्या शुल्काने. उद्या आपल्याकडे बिल येईल या शंकेनेच लोक दुसरीकडे वळले. २००० साली गोफरचा सर्व्हर जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली मोकळा झाला, पण तोवर सगळे निघून गेले होते.

वेब आलं तरी मराठी मजकूर शोधून सापडत नसे. प्रत्येक वर्तमानपत्राचा फाँट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर पानावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी. सर्च इंजिनलाही तीच खिचडी दिसायची. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठीची एकच सामाईक संकेतपद्धत, रुळेपर्यंत हे चाललं.

आता ताब्याबद्दल. पानं गोळा करणारे रोबो, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, सर्व्हरवर तुटून पडायला लागले, तेव्हा मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये एक तोडगा सुचवला: सर्व्हरवर ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ (robots.txt) नावाची साधी फाइल ठेवायची आणि कुठे येऊ नका ते तिच्यात लिहायचं. तिच्यात कुलूप नाही, निव्वळ विनंती आहे. तरीही वर्षानुवर्षं मोठी सर्च इंजिनं ती मानत आली. २०२२ मध्ये तिला रीतसर मानकाचा दर्जा मिळाला. ही प्रवेशाची परवानगी ठरवणारी व्यवस्था नाही, हे त्या मानकातही स्पष्ट लिहिलंय. कुठल्याही मोठ्या वर्तमानपत्राच्या साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन या फायलीचं नाव रोमन लिपीत टाइप करा. आजकाल एआय कंपन्यांच्या रोबोंना नावानिशी मनाई केलेली तिथे अनेकदा दिसेल.