एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या निवासी शिबिराला पहिल्यांदाच जातेय, काय तयारी करू?

नक्की जा! पुण्यातल्या कॉलेजांची हिवाळी शिबिरं बऱ्याचदा मुळशी, पुरंदरकडच्या गावांत असतात. पहाटे थंडी बोचते. स्वेटर, अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी, बॅटरी हवीच.

खरा कस लागतो श्रमदानात. वनराई बंधारा, म्हणजे ओढ्याचं पाणी अडवणारा पोत्यांचा तात्पुरता बांध, असेल तर सिमेंटची रिकामी पोती मातीने भरायची, तोंड शिवायचं आणि हातोहात ओढ्यापर्यंत पोचवायची. पोतं गच्च भरू नकोस. थोडं सैल असलं की नीट बसतं, फटी राहत नाहीत. चपला नकोत, बूट घाल.

संध्याकाळी गावातल्या आजींपाशी बसच. कुठली विहीर कधी आटते, हे त्यांच्याइतकं कोणी सांगत नाही.

आणि हो, दोन वर्षांतल्या २४० तासांच्या सेवाकार्यासोबत हे शिबिरही एनएसएसच्या प्रमाणपत्रासाठी लागतं, त्यामुळे अर्ध्यातून परतू नकोस.