ओमाकासेच्या काउंटरवर हाताने खावे का?

प्रश्न: टोकियोत गिंझामधल्या आठ खुर्च्यांच्या ओमाकासे (काय वाढायचे ते शेफच ठरवतो) काउंटरवर जागा मिळाली आहे. सुशी हाताने खाल्ली तर चालते का? सोया सॉस किती घ्यावा?

उत्तर: हाताने खुशाल खा. निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर मासा ठेवलेली सुशी, समोर आली की लगेच, एकाच घासात. फोटो काढत बसलात तर कोमट भात गार होऊन घट्ट होतो, नोरी (समुद्री शेवाळाचा पातळ पापुद्रा) वातड होते. मग एवढे पैसे मोजून काय खाल्ले? शेफने वरून निकिरी, म्हणजे मिरिन (तांदळाची गोड दारू) घालून उकळलेला सोया, लावला असेल तर आणखी सॉस नकोच. नसेल तर फक्त माशाची बाजू टेकवा. भात बुडवला की सुटतो. वासाबी (झणझणीत हिरवी चटणी) बहुधा आत असतेच. आल्याचे काप दोन सुशींच्या मध्ये खा. अत्तर अजिबात लावू नका, शेजाऱ्याचाही घास बिघडतो. ॲलर्जी आरक्षण करतानाच कळवा. मासे आधीच ठरवून आणलेले असतात.