पैसा असेल तर आयव्हीएफनं हवी तितकी मुलं होऊ देण्यात गैर काय आहे?

तुम्ही विचारलंय की एखाद्या जोडप्याकडे पैसा आहे, मुलांची हौस आहे आणि उपचार हाताशी आहेत, तर त्यांनी सात-आठ मुलं होऊ दिली तर कुणाचं काय जातं? आफ्रिकेतल्या माली देशातल्या बाईंची नऊ बाळं एकाच बाळंतपणात जगली, मग डॉक्टर उगाच का घाबरवतात, असंही पुढं लिहिलंय.

मी तासगाव तालुक्यातली. आमची द्राक्षबाग आहे. लग्नानंतर सात वर्षं मूल नव्हतं, नंतर उपचारानं मला तिळं राहिली. कुणाचं काय जातं, हे मला तीन बाळांपुरतं माहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण लोक इथंच चुकतात. एकदम तीन-चार गर्भ राहतात ते आयव्हीएफमुळंच, असं नाही. आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, निदान किती गर्भ पोटात सोडायचे हे मोजून ठरवता येतं. माझी ट्रीटमेंट साधी होती. अंडी वाढायची इंजेक्शनं, नवव्या-दहाव्या दिवसापासून सोनोग्राफी, मग अंडं फुटायचं इंजेक्शन आणि आययूआय, म्हणजे नवऱ्याचं वीर्य नळीनं थेट गर्भाशयात सोडणं. यात किती अंडी फुटतील आणि त्यातली किती रुजतील, यावर कुणाचाच ताबा नसतो. हातात एकच गोष्ट असते : अंडी जास्त तयार झालेली दिसली तर त्या महिन्यात थांबायचं.

माझे दोन आययूआय फेल गेले होते. तिसऱ्या वेळी ऑक्टोबर छाटणी चालू होती, मजुरांचे पैसे थकवून आम्ही इंजेक्शनं आणली होती. सोनोग्राफीच्या पडद्यावर चार काळे गोल दिसले, त्या वाढलेल्या अंड्यांच्या पिशव्या. डॉक्टरांनी आकडे वाचले, १९, १८, १८ आणि १६ मिलिमीटर. माझं वय तेव्हा सत्तावीस. डॉक्टर म्हणाले, "थांबायचं असेल तर थांबू, पण मग सगळी इंजेक्शनं वाया जातील. चार आहेत म्हणजे चान्स चांगला आहे." तिळं राहू शकतात, हे त्या खोलीत कुणी बोललं नाही. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. दोन मिनिटांत विषय संपला.

पुढं गावात सगळे म्हणायचे, देवानं एकदम तीन दिली. मूल देवानं दिलं हे मीही मानते. पण तीन हा आकडा त्या खोलीत ठरला होता, आणि तो ठरवताना आमच्यासमोर फक्त वाया जाणारे पैसे होते.

बाराव्या आठवड्याच्या आसपास एक गर्भ कमी करण्याचा पर्याय सांगितला गेला, त्यासाठी पुण्याला जावं लागणार होतं. आत्याबाई घरात चुलीपुढं बसून म्हणाल्या, "सात वरसं देवाम्होरं हात जोडलं, आता दिल्यालं माघारी द्यायचं व्हय?" मला त्यांचा राग आला नाही आणि आजही नाही. मलाही तेच वाटत होतं. तिघांचे ठोके ऐकल्यावर कुठला थांबवायचा हे आईला विचारणं, हीच मला या उपचारातली सगळ्यात क्रूर गोष्ट वाटते. ती वेळच येऊ नये म्हणून आधी थांबायचं असतं.

गर्भाशय एका बाळासाठी असतं. एकाला सदतीस ते चाळीस आठवडे मिळतात, जुळ्यांना साधारण पस्तीस-छत्तीस, तिळ्यांना बत्तीसच्या आसपास. संख्या वाढली की आठवडे कमी होतात, आणि ते कमी झालेले आठवडे पैशानं परत आणता येत नाहीत. मला तिसावा आठवडा संपता संपता कळा सुरू झाल्या. गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला होता, बाळांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून इंजेक्शनं दिली होती, तरीही. दोन मुली १३०० आणि ११५० ग्रॅम, मुलगा ८२० ग्रॅम.

मिरजेत आम्ही बावन्न दिवस होतो. कोपरापर्यंत हात धुऊन आत जायचं. तीन काचेच्या पेट्या, तीन फायली, तीन बिलं. दर दोन तासांनी मी स्टीलच्या वाटीत दूध काढायचे, सिस्टर ते सिरिंजमध्ये घेऊन नळीतून द्यायच्या, सुरुवातीला एका वेळी दोन मिली. दोन मिली म्हणजे चमच्याचा तळही भरत नाही. मुलाला तेही पचत नव्हतं. दुसऱ्या वेळेच्या आधी नळीतून परत ओढून बघायचे, आधीचं दूध हिरवट होऊन बाहेर यायचं. सिस्टर काही न बोलता फायलीत लिहायच्या. मी त्यांचा चेहरा वाचायला शिकले होते. तो एकोणीस दिवस जगला. त्याच्यासाठी काढलेलं दूध त्या दिवशी वाटीत तसंच होतं.

पैशाचा विषय काढलात म्हणून सांगते. तिघांचं मिळून सात लाखांच्या वर गेलं. त्या वर्षीचा सगळा बेदाणा तासगावच्या सौद्यात विकला, वीस गुंठे गहाण पडले, ते सोडवायला सहा वर्षं लागली. धाकटीच्या डोळ्यांच्या पडद्याला लेझर करावा लागला. फार लवकर जन्मलेल्या बाळांमध्ये हे होतं आणि वेळेत तपासलं नाही तर दृष्टी जाते. आज तिला जाड चष्मा आहे, वर्गात पहिल्या बाकावर बसते. तुमच्या प्रश्नातल्या जोडप्याकडे पैसा आहे, त्यांची जमीन गहाण पडणार नाही. पण नळीतून दूध घेण्याचं काम त्यांच्याही बाळांनाच करावं लागेल.

आता मालीचं. मे २०२१ मध्ये ती नऊ बाळं मोरोक्कोतल्या कासाब्लांका शहरात जन्मली, सुमारे तिसाव्या आठवड्यात. सगळ्यांत लहान जेमतेम अर्ध्या किलोचं होतं. आईला तिथं सरकारनं पाठवलं होतं. मायदेशी परतायला डिसेंबर २०२२ उजाडला. नऊही जगली याचा मला मनापासून आनंद आहे. पण एका आईमागं एक सरकार आणि दोन देशांचे डॉक्टर उभे राहिले तेव्हा ते घडलं. ते उदाहरण धरून कुणी आपली संख्या ठरवू नये.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. नाद्या सुलेमान यांना आयव्हीएफनं झालेली सहा मुलं आधीच होती. जानेवारी २००९ मध्ये त्यांना एकदम आठ झाली. डॉ. मायकेल कामरावा यांनी एका वेळी बारा गर्भ सोडले होते. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वैद्यक मंडळानं त्यांचा परवाना रद्द केला. जगानं त्या बाईला वर्षानुवर्षं नावं ठेवली. मला तिचा विचार करताना कणव येते. मूल हवं असलेली बाई मागतच राहते. मीही चार गोल बघून मान हलवली होती. नाही म्हणायची जबाबदारी तिथं शिकलेल्या माणसाची असते. आपल्याकडे आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २००५ मध्येच मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलं होतं की अपवाद सोडता तीनपेक्षा जास्त गर्भ सोडू नयेत. आता चांगले डॉक्टर शक्यतो एकच सोडतात, बाकीचे गोठवून ठेवतात.

एकेक करून, किंवा सरोगसीनं, म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटात आपलं मूल वाढवून, डझनभर मुलं करावीत का? एका जपानी श्रीमंत तरुणानं थायलंडमध्ये सरोगेट मातांकडून बाळं जन्माला घातली. २०१४ मध्ये ते उघडकीला आलं आणि २०१८ मध्ये बँकॉकच्या न्यायालयानं तेरा मुलांचा ताबा त्याला दिला. पोसायची ऐपत आहे, हे त्यात धरलं गेलं. माझं मन हे मानत नाही. माझ्या दोघी रात्री ताप आला की दोन्ही बाजूंनी मलाच चिकटतात, आणि दोघींना मी पुरते. तेरा जणांना पगारी माणसं पुरतील, आईबाप पुरणार नाहीत. भारतात २०२१ च्या कायद्यानं पैसे घेऊन सरोगसी बंद आहे आणि एक बाई आयुष्यात एकदाच सरोगेट होऊ शकते. हा कायदा मला योग्य वाटतो.

आपल्या भागात मोठ्या कुटुंबाचा विषय निघाला की मुलाचा विषय टाळता येत नाही. साताऱ्यात २०११ मध्ये जिल्हा परिषदेनं 'नकुशी' नाव असलेल्या अडीचशेहून जास्त मुलींना नवी नावं दिली. मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही, म्हणून मागं राहिलेल्या त्या मुली. माझा मुलगा गेला तेव्हा भेटायला आलेल्या बायका दारातच म्हणाल्या, "पोरगंच गेलं गं." आत दोन मुली काचेत होत्या. वर्षभरात एका नातेवाइकानं सुचवलं, आता आयव्हीएफ करा, मुलगाच बघून टाकायला सांगा. लिंग बघून गर्भ निवडणं हा गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगितलं. आमच्या घरी ते परत आले नाहीत.

माझ्या चुलत जावेच्या बहिणीची सध्या मिरजेत ट्रीटमेंट चालू आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, चार अंडी मोठी दिसतायत, डॉक्टर म्हणतात या महिन्यात थांबू, पण घरचे पैशासाठी चिडलेत, काय करू? मी तिला म्हटलं, डॉक्टर चांगला मिळालाय, ऐक. घरच्यांशी मी बोलते. दुसऱ्या दिवशी मी आणि आमचे हे तिच्या सासरी गेलो. धाकटीला बरोबर नेलं होतं. चहा होईपर्यंत तिच्या सासऱ्यांनी चष्म्याबद्दल विचारलं, तेव्हा यांनी सगळं सांगितलं, बेदाण्यापासून. सासरे बराच वेळ बोलले नाहीत. मग सुनेला हाक मारून म्हणाले, पुढच्या महिन्याची इंजेक्शनं मी आणतो.