पेशंटला पैशांचं कधी आणि कसं सांगावं?

डॉक्टर, तुम्ही लिहिलंय की भांडुपला दातांचा नवा दवाखाना टाकलाय. पैशांचं आधी काढलं तर पेशंट परत येत नाही आणि शेवटी काढलं तर वाद होतो. मी डॉक्टर नाही, पण परळला एका डेंटिस्टकडे सोळा वर्षं काउंटरला आहे. माझं मत विचाराल तर आधीच सांगा, आणि पेशंट खुर्चीवर आडवा व्हायच्या आत सांगा. तोंडात कापूस आणि जबडा बधिर असताना माणूस नुसती मान हलवतो. तो होकार धरू नका.

वाद बहुतेक वेळा कॅपवरून, म्हणजे रूट कॅनलनंतर दातावर बसवायच्या टोपीवरून होतो. ‘रूट कॅनल साडेचार हजार’ एवढंच ऐकून माणूस घरी जातो. त्याच्या हिशेबात दाताचं काम तिथे संपलेलं असतं. लालबागचे एक काका तिसऱ्या सिटिंगला आले आणि कॅपचे वेगळे म्हटल्यावर गप्पच झाले. भांडले नाहीत. म्हणाले, “ताई, पहिल्या दिवशी बोलला असतात तर पगार झाल्यावर आलो असतो.” कॅपला ते आलेच नाहीत. काही महिन्यांनी तीच दाढ चिरली, काढावी लागली. मला ते अजून लागून राहिलंय, कारण चूक आमची होती.

तेव्हापासून आम्ही मराठीत कागद लिहून देतो: एक्स-रे, रूट कॅनल, अंदाजे किती सिटिंग, कॅप मेटलची की झिरकोनियाची (दातासारखी पांढरी) आणि दोन्हींचे आकडे. रूट कॅनल केलेली दाढ चावताना फुटू शकते, म्हणून कॅप हवी, हे डॉक्टर स्वतः समजावतात. आकडा मी सांगते, पण हळू आवाजात. बाकावर बऱ्याचदा त्याच चाळीतले शेजारी बसलेले असतात.

दाताचं माप कॅप बनवणाऱ्या लॅबला जाण्याआधी कॅपचे निम्मे पैसे घेतो. पेशंट फिरकला नाही तरी लॅबचं बिल आपल्यालाच भरावं लागतं, हे सांगितलं की सहसा कोणी हुज्जत घालत नाही. मेडिक्लेमचं हमखास विचारतात. बहुतेक साध्या पॉलिसीत अपघात सोडला तर दातांचं काम बसत नाही, तेव्हा पॉलिसी आधी बघायला सांगा.

ज्यांना झेपणारच नाही त्यांना गळ घालू नका. मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय सांगा. खेपा पडतात, पण खर्च बराच कमी येतो. आम्ही त्या दिवशी ठणका थांबेल एवढं काम करतो आणि एक्स-रे हातात देऊन पाठवतो.