चौक ओलांडायला बाबांना किती सेकंद लागतात?

प्रश्न : आम्ही प्रताप नगरकडे राहतो. अर्धांगवायू झाल्यापासून बाबा वॉकरने चालतात. जवळचा चौक ओलांडताना मी त्यांना घेऊन निम्म्यात पोचते न पोचते तोच सिग्नल सुटतो, अन् मागून हॉर्न सुरू. कॉलनीतले आम्ही काहीजण चौकाची पाहणी करून निवेदन देणार आहोत, तर नेमकं काय बघायचं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, सगळ्यात आधी टेप अन् मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या. सिग्नलचं गणित साधारणपणे माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून करतात, म्हणजे १४ मीटरचा रस्ता १२ सेकंदांत पार. पण वॉकर उचला, ठेवा, मग पाय टाका, असं करत बाबा सेकंदाला अर्धा मीटर जरी गेले तरी त्यांना २८ सेकंद लागणार, मग ते निम्म्यात अडकतील नाहीतर काय! तेव्हा रस्त्याची रुंदी, पायी चालणाऱ्यांना मिळणारा वेळ अन् बाबांना लागणारा वेळ, हे तिन्ही आकडे निवेदनात सगळ्यात वर टाका.

मग फुटपाथचा काठ बघा. उतार १:१२ पाहिजे, म्हणजे १५ सेंटीमीटर उंच फुटपाथला १.८ मीटर लांब उतार. बऱ्याच ठिकाणी नुसता सिमेंटचा ढेकूळ थापून ठेवतात, त्यावरून व्हीलचेअर चढत नाही, उलट मागे कलंडते. उतार झेब्रा पट्ट्यांच्या बरोबर समोरच आहे का, डिव्हायडर तिथे सपाट कापलाय का अन् मधे थांबायला जागा आहे का, हेही बघा. फुटपाथवर अंधांसाठी बसवलेल्या पिवळ्या फरशांवर उभ्या रेघा म्हणजे चालत राहा अन् गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे रस्ता आहे. पण त्या रेघा सरळ विजेच्या डीपीवर किंवा झाडावर नेऊन सोडत असतील तर अंध माणसाला त्या नसलेल्याच बऱ्या, फोटो काढा.

एकदाच जाऊन भागणार नाही. पावसात उताराच्या पायथ्याशीच डबकं साचतं, अन् आपल्याकडे मे महिन्यात दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, तेव्हा बाबांसारख्यांनी कोणाच्या भरवशावर ओलांडायचं, हे निवेदनात विचाराच.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा उल्लेख करा, अन् एक प्रत महापालिकेच्या झोन ऑफिसला, एक ट्रॅफिक पोलिसांना द्या, कारण उतार एकाकडे अन् सिग्नलचे सेकंद दुसऱ्याकडे असतात. दोन्हीकडून पोच घ्या.